शिकारी जातीचा कुत्रा, पण घरात माणसांत राहणारा. कोकणात जमेल का?

कातळावरची | १४ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही तीन वर्षांपूर्वी पुण्यातून गाशा गुंडाळून गुहागर तालुक्यात सासरच्या घरी आलो. घराभोवती नारळ-सुपारीचं आगर, वर कातळाला लागून हापूसची साठेक कलमं, समुद्र चालत दहा-बारा मिनिटं. घरात मी, नवरा, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ आणि सासरे ७४. मुलांना कुत्रा हवाय, ते ठीक. पण नवरा मागे कामानिमित्त सहा महिने जर्मनीत होता, तिथल्या घरमालकाकडे जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर होता आणि तेव्हापासून ह्याच्या डोक्यात तेच बसलंय. म्हणे तो कुत्रा सकाळी दलदलीत बदकं शोधायचा आणि संध्याकाळी बाळाच्या पाळण्याखाली झोपायचा. आता रोज रात्री व्हिडिओ बघणं चालू आहे, विज्स्ला, वायमरानर, ब्रिटनी, मला नावं पाठ झाली.

आम्हाला शिकार बिकार करायची नाही हे आधीच सांगते. मुलांबरोबर राहणारा, समुद्रावर येणारा, रात्री कोणी आलं तर कळवणारा असा हवा. असली जात आपल्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात टिकते का? मला लहानपणी कुत्रा चावलाय त्यामुळे थोडी धाकधूक आहे. सासऱ्यांचं मत असं की कुत्र्याची जागा खळ्यात, फार तर पडवीत, उंबऱ्याच्या आत नाही.

चाकरमानी_८२

लॅब्राडोर घ्या. विषय संपला.

सुकट_बोंबील

घरी कोंबड्या आहेत का?

घाटावरचा

तुमच्या मिस्टरांना जे आवडलंय ते काय आहे ते आधी समजून घ्या, मग हो-नाही ठरवा. इंग्रजांकडे बंदुकीबरोबरच्या कुत्र्यांत कामाची वाटणी होती. पॉइंटर-सेटर पक्षी कुठे बसलाय ते दाखवणार, स्पॅनिअल झुडपातून उठवणार, रिट्रीव्हर पडलेला पक्षी आणून देणार. असे तीन-चार कुत्रे पाळणं बड्यांना परवडायचं. जर्मनीत १८४८ च्या उठावानंतर सरदार-जमीनदारांचा शिकारीचा खास हक्क गेला आणि साधा माणूस स्वतःच्या रानात पायी शिकारीला जायला लागला. त्याला एकच कुत्रा हवा होता, जो वास काढेल, पक्ष्यासमोर थिजून उभा राहील, जखमी जनावराचा माग काढेल, पाण्यात उडी मारून बदक आणेल, तेही दात न लावता, आणि रात्री घरात मुलांत झोपेल. त्यातून ह्या सगळ्या अष्टपैलू जाती घडल्या किंवा जुन्या होत्या त्या तशा वळवल्या गेल्या. जीएसपी म्हणजे तुमचा तो जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जर्मनीचा, वायमरानर पण तिथलाच, विज्स्ला हंगेरीचा, ब्रिटनी फ्रान्सचा.

म्हणजे आपल्याकडचा तो माणूस असतो बघा, सकाळी माडावर चढतो, दुपारी होडीवर जातो आणि रात्री दशावतारात राजा होतो, तसला हा कुत्रा. आता तसल्या माणसाला दिवसभर खुर्चीवर बसवून ठेवलं तर काय करेल? पायाच हलवत बसेल. हा सोफा खातो.

गजालीकार

आमच्या गावात कुत्र्याक जात कोण इचारता? भुकता मां? मगे झाला.

डॉक्टर_गुरांचा

मी सरकारी दवाखान्यात होतो, आता निवृत्त. आयुष्य गाईम्हशींत गेलं पण कुत्रेही पुष्कळ बघितले, कारण तालुक्याला दुसरं कोण असतं.

ताई, हवेबद्दल. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून जिभेवरचं पाणी उडवून थंड होतो. हवेतच पाणी भरलेलं असेल तर ते उडत नाही. म्हणून लातूरच्या ४० डिग्रीपेक्षा आपली दमट ३३ डिग्री त्याला जड जाऊ शकते. जीएसपी, विज्स्ला ह्यांचे केस आखूड असतात, त्यामुळे हस्की वगैरेंपेक्षा कितीतरी बरं. पण प्रॉब्लेम असा की ह्या जाती स्वतः थांबत नाहीत. लॅब दमला की बसतो, हा पडेपर्यंत धावतो. पळवायचं ते उजाडायच्या आत आणि दिवेलागणीनंतर, दिवसा नाही.

पावसाळ्यात तीन गोष्टी. गोचीड आणि त्यातून येणारा ताप, ह्यात कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, तेव्हा वाट बघायची नाही, रक्त तपासायचं. दुसरं लेप्टो, शेतातल्या साचलेल्या पाण्यातून, उंदराच्या मुतातून. एकत्रित लसीत लेप्टो असतं पण ते दरवर्षी द्यावं लागतं, लोक पिल्लूपणी एकदा देतात आणि विसरतात. तिसरं कान. लोंबणारे कान, त्यात समुद्राचं पाणी आणि वर दमट हवा, म्हणजे बुरशीला आमंत्रण. रेबीजचं सांगायला नको.

आणि खोल छातीच्या जातींत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. जेवल्यावर लगेच पळवायचं नाही, दिवसाचं खाणं दोनदा विभागून द्यायचं. पोट नगाऱ्यासारखं ताठ आणि नुसत्या कोरड्या उलट्या होत असतील तर घरगुती उपाय करत बसू नका, तासांचा खेळ असतो तो. तुमच्यापासून ऑपरेशन करणारा डॉक्टर किती लांब ते कुत्रा आणायच्या आधी बघून ठेवा.

कातळावरची

डॉक्टरकाका, खूप आभार. चिपळूण सव्वा-दीड तास पडतं आम्हाला, तिथे ऑपरेशन होतं का ते विचारते. घाटावरचा, ते दशावताराचं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला बरोबर हेच मला हवंय, आणि मी म्हटलं की त्याला रोज माडावर कोण चढवणार ते आधी सांग.

सुकट_बोंबील

कोंबड्यांचं काही बोलला नाहीत.

रानवाटा

आमचे आजोबा पारधीला जायचे तेव्हा वाडीत सात-आठ कुत्रे असायचे, सगळे गावठी. हाकाऱ्यांनी रान उठवायचं, कुत्र्यांनी डुक्कर अडवून धरायचं. त्यातला एक काळू, एका कानाचा, तो रात्री आमच्या आजीच्या खाटेखालीच झोपायचा आणि आम्हा पोरांनी कान ओढला तरी गुरगुरायचा नाही. मग कशाला हवी जर्मनी? चांगल्या कुत्र्याला दोन-तीनदा रानात न्या, ससा दाखवा, आपोआप तयार होतो.

कायद्याचं_बोला

रानवाटा, आठवण छान आहे पण शेवटचं वाक्य धोक्याचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे त्यात नुसतं मारणं येत नाही, पिटाळणं, पाठलाग करणं, फासे लावणं, आमिष दाखवणं हे पण शिकारच. कुत्रा सशामागे सोडला, ससा पळून गेला, तरी झाली शिकार. डुकरं भातशेती उद्ध्वस्त करतात हे खरं, त्याला वनखात्याकडे अर्ज करायची वाट आहे, कुत्रे सोडणं ही नाही. घोरपड दिसली तर कुत्र्याला आधी आवरा, ती पहिल्या अनुसूचीत येते.

रानवाटा

जुन्या काळचं सांगत होतो हो. लगेच खटला नका भरू.

देवगडची_मावशी

मुद्दा निघालाच आहे तर सांगते. आमच्या बाजूला डुकरांसाठी कोणीतरी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या मोतीने असाच एक गोळा तोंडात धरला. पुढचं लिहीत नाही. जो कुत्रा जास्त हुंगतो, जास्त लांब फिरतो, उचलून तोंडात धरतो, तोच आधी जातो. ताई, तुमच्या जर्मन कुत्र्याचं सगळं कसबच हुंगण्याचं आणि तोंडात धरून आणण्याचं आहे ना? मग मोकळा रानात सोडायचा विचार मनातून काढून टाका. तारेचे फासे असतात ते वेगळेच.

कातळावरची

मावशी, वाचून पोटात कालवलं. हे डोक्यातच नव्हतं.

मुधोळचा_जावई

एवढी चर्चा चालू आहे आणि आपल्या मातीतल्या शिकारी जातीचं कोणी नाव घेईना, म्हणून लिहितो. माझी सासुरवाड मुधोळजवळ. तिकडे मुधोळ हाउंड म्हणतात, आपल्याकडे कारवानी. २००५ साली पोस्टाने चार भारतीय जातींची तिकिटं काढली त्यात हा होता. २०१६ मध्ये लष्कराने मीरतला प्रशिक्षणासाठी नेले. मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथून पिल्लं देतात. उन्हाला काटक, खाणं बेताचं, हाडं-सांधे चांगले, आणि पळताना बघितलात तर जन्मात विसरणार नाही.

पण खोटं नाही बोलणार, तो अष्टपैलू नाही. तो नजरेने शिकार करणारा, वासाचं काम दुय्यम. हललेलं काही दिसलं की सुटला, मग तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. पाण्यात आणून देणं वगैरे त्याच्या गावीही नाही. स्वभावाने अंतर ठेवून राहणारा, घरच्यांवर जीव टाकतो पण परक्या माणसाने डोक्यावर हात ठेवलेला खपत नाही. तुमच्या पाच वर्षांच्या मुलाचे मित्र घरी येत असतील तर विचार करा. आणि कातडी पातळ, चरबी नाही, आमचा जुलैमध्ये कुडकुडतो. बायको त्याला माझी जुनी बनियन घालते, आता माझ्याकडे बनियन नाहीत.

चाकरमानी_८२

लॅब. अजून सांगतो, लॅब.

अंटार्क्टिकाचा_पोस्टमन

चाकरमानी थट्टेने म्हणतायत पण लॅब हा पण शिकारी कुत्राच आहे, आपण त्याला सोफ्यावर बसवून विसरलोय. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावर मच्छीमारांबरोबर काम करायचे, जाळं ओढायचे, गळातून सुटलेला मासा पाण्यात उडी मारून पकडायचे. म्हणजे खारव्यांचाच कुत्रा म्हणा की. किनाऱ्यावर त्याच्यापेक्षा घरगुती कोण सापडणार?

तिखटजाळ

सापडणार नाही, कारण तो जागचा हलणारच नाही. आमची लॅब ४१ किलो. २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी शोधून काढलं की साधारण चार लॅबमागे एकात असा जनुकीय बिघाड असतो की पोट भरल्याचा निरोपच नीट पोचत नाही. आमची त्या चारातली नाही, ती एकटीच चारही आहे. आंब्याच्या दिवसांत तर तिच्यावर सीसीटीव्ही लावावा लागतो, गेल्या वर्षी कोय गिळली, आतड्यात अडकली, पोट फाडून काढली. कोकणात कुत्रा पाळणाऱ्यांनो, कोय, फणसाची आठळी आणि काजूची ओली बी ह्या तीन गोष्टी कुत्र्याच्या तोंडापासून लांब ठेवा. काजूच्या टरफलातल्या तेलाने तोंड भाजून निघतं.

अलिबागचा_बावा

मी वायमरानर पाळला होता, ‘करडं भूत’ म्हणतात त्याला, रंग खरंच काय सुंदर, राखेत चांदी मिसळल्यासारखा. फोटो बघून आणला ही पहिली चूक, आणि आम्ही दोघं नोकरीला जाणारे ही दुसरी. एकटा राहिला की रडायचा, दरवाजाची चौकट कुरतडली, एकदा खिडकीची जाळी फाडून बाहेर पडला आणि स्टँडपर्यंत गेला. ट्रेनर म्हणाला, कुत्र्याचं काही बिघडलेलं नाही, तुमचं वेळापत्रक बिघडलंय. शेवटी मित्राच्या फार्मवर दिला, तिथे तो सुखात आहे, मी नाही.

विज्स्लाबद्दल पण ऐका, तो तर अंगाला चिकटूनच असतो, तुम्ही बाथरूमला गेलात तरी दाराबाहेर बसणार. सासरे पडवीत ठेवा म्हणतायत ना? ह्या जाती पडवीत ठेवायच्या नाहीतच. माणसापासून वेगळा ठेवलात की वेडा होतो. आधी उंबऱ्याचा प्रश्न सोडवा, जातीचा नंतर.

भुभूप्रेमी_सिंधु

मला एक कळत नाही, प्रत्येक वाडीत खोक्यात टाकलेली पाच पिल्लं सापडत असताना लोकांना विकतची जर्मन जात का लागते? गावठीला ना हवेचा त्रास, ना विशेष खाणं.

घाटावरचा

गावठी उत्तमच, माझ्याकडे स्वतःचे दोन आहेत. पण ‘त्रास नाही’ हे खरं नाही. गोचीड ताप, पार्व्हो, लेप्टो गावठीला पण होतो, फक्त तो मेला की आपण मोजत नाही. आणि तिने विचारलंय काय, आपण सांगतोय काय.

भुभूप्रेमी_सिंधु

तिने विचारलं कोकणात टिकेल का. मी टिकणारा सांगितला.

गजालीकार

अरे भांडा नको रे. कुत्रे गप आसत आणि माणसा भुकतत.

डॉक्टर_गुरांचा

हाहाहा. दोघांचंही बरोबर. फक्त एक सांगतो, पिल्लू कुठलंही घ्या, दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडलेलं घेऊ नका. २०१७ च्या नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच मनाई आहे, तरी सर्रास पाचव्या आठवड्यात विकतात. भावंडांत राहिला तर चावा किती जोरात घ्यायचा हे ती एकमेकांकडून शिकतात, आणि तुम्हाला लहान मुलांच्या घरात तेच तर हवंय. दुसरं, ‘इम्पोर्टेड जोडीची पिल्लं’ सांगितलं तर कागद मागा. व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्रे आणायला २०१६ मध्ये बंदी घातली होती. जीएसपी आपल्याकडे मुळात थोडे, त्यामुळे जवळच्या नात्यात जुळवलेली पिल्लं गळ्यात पडायची शक्यता बरीच.

हर्णै_बंदर

बिबट्याचं कोणी बोललं नाही अजून? तिकडे अकोले तालुक्यात अभ्यास झाला होता, बिबट्याच्या खाण्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. आपल्याकडे आकडा काय असेल कोण जाणे, पण आमच्या वाडीतून मागच्या थंडीत तीन कुत्रे गेले, त्यातला एक साखळीला बांधलेला, अंगणात. साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे ताट वाढून ठेवल्यासारखं. धनगरांकडे खिळ्यांचा पट्टा असतो तो गळा वाचवतो कधीकधी. पण खरा उपाय रात्री आत घेणं.

ताई, सासऱ्यांना हे वाचून दाखवा. कुत्र्याचे लाड म्हणून नको, बिबट्या आपल्या पडवीत येऊ नये म्हणून.

कातळावरची

दाखवलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले माजघरापर्यंत ठीक आहे, देवघर आणि स्वयंपाकघर सोडून. एवढं लग्नानंतर मलासुद्धा इतक्या लवकर मिळालं नव्हतं.

खारवी_पोर

समुद्रावर नेणार असाल तर केंड मासा ओळखायला शिका. रापण ओढल्यावर नको असलेली मासळी वाळूत टाकतात, त्यात गोल फुगलेला केंड असतो. विषारी, वाळला तरी विष जात नाही. आमच्या शेजाऱ्याचा कुत्रा वाळलेला केंड चघळून तासाभरात लुळा पडला. जाळ्याचे तुकडे आणि गळ पण असतात. आणि समुद्राचं पाणी पोटभर प्यायला तर जुलाब, घरून पाण्याची बाटली न्यायची.

बाकी कुत्रा समुद्रावर न्यायला मजा येते, ह्यात वाद नाही. आमचा रोज संध्याकाळी कुर्ल्यांच्या बिळात नाक घालतो, रोज कुर्ली नाक धरते, रोज ओरडतो, उद्या परत घालतो.

सुकट_बोंबील

आता तिसऱ्यांदा विचारतो. कोंबड्या.

कातळावरची

आहेत. चौदा. सगळ्या मोकळ्या फिरतात. मुद्दामच टाळत होते, मला उत्तर माहीत होतं ना.

सुकट_बोंबील

मला वाटलंच.

मुधोळचा_जावई

कारवानी कॅन्सल.

घाटावरचा | २ जून

धागा वर आणतोय, कारण आहे. माझ्या मावसभावाकडे कोथरूडला जीएसपी आहे, नर, अडीच वर्षांचा, नाव रॉकी. दोन खोल्यांचा फ्लॅट, भावाची आता रात्रपाळी, कुत्र्याचं फिरणं म्हणजे सोसायटीला दोन चकरा. अलिबागच्या बावांनी लिहिलंय तसंच सगळं चाललंय, एक सोफा आणि दोन गाद्या झाल्या. त्याला चांगलं घर बघतायत, पैसे नकोत. नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी. मुलांबरोबर चांगला आहे हे मी डोळ्यांनी बघितलंय, भावाची मुलगी सहा वर्षांची, ती त्याच्या पोटावर डोकं ठेवून कार्टून बघते. कोंबडी त्याने आजवर फक्त शिजवलेली बघितली आहे.

अलिबागचा_बावा

घ्या हा. पिल्लूपेक्षा हे बरं, काय मिळतंय ते समोर दिसतं. मोठा झाल्यावर कसा निघेल हा जुगार राहत नाही.

भुभूप्रेमी_सिंधु

हे मात्र मला पटलं. घर मिळतंय एकाला. माझा विरोध मागे.

डॉक्टर_गुरांचा

पटलं तरी घाई नको. आधी तुम्ही चौघं पुण्याला जाऊन दोन दिवस त्याच्याबरोबर फिरा, ताई तुम्ही स्वतः पट्टा हातात धरा, तुमची भीती किती उरते ते बघा. मग पंधरा दिवसांच्या बोलीवर आणा, नाही जमलं तर परत, आणि हे दोन्ही घरांनी आधीच मान्य करायचं म्हणजे नंतर कडूपणा नको. मुलाला त्याच्याबरोबर एकटं सोडायचं नाही, कुत्रा कितीही गरीब असला तरी. खाताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही हे दोन नियम पोरांना पाठ करून घ्या. कोंबड्या आधी खुराड्यात, कुत्रा लांब पट्ट्यावर बाहेर. बघून शांत राहिला की खाऊ. रोज थोडं अंतर कमी. ह्यात महिने जातात.

चाकरमानी_८२

लॅब असता तर एव्हाना घरी येऊन जेवून झोपला असता.

कातळावरची | २१ सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीत लिहायचं राहिलं, तुम्ही एवढं सांगितलंत आणि मी गायब.

आणला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, भर पावसात, गाडीत दोनदा ओकला. पहिले चार दिवस काही खाईना, दारात बसून रस्त्याकडे बघत राहायचा, मला इतकं वाईट वाटत होतं की परत नेऊन सोडू म्हणत होते. पाचव्या दिवशी सासऱ्यांनी ताटातला बांगडा काटे काढून पुढे केला. त्या दिवसापासून घर त्याचं झालं. रॉकी म्हणायला त्यांना जमत नाही, ते रघू म्हणतात, आणि आता रॉकी म्हटलं तर वळूनही बघत नाही. देवघराची सीमा तो पाळतो, स्वयंपाकघराची सासरेच पाळत नाहीत.

पहाटे साडेपाचला नवरा समुद्रावर नेतो, लांब दोरीवर, मोकळा सोडत नाही, देवगडच्या मावशींचं ऐकल्यापासून हिंमत नाही. संध्याकाळी मुलगी आगरात वासाचे खेळ घेते, सुपारीच्या पोवळीत मोजा लपवायचा आणि त्याने शोधून आणायचा. वीस मिनिटं हुंगण्याचं काम केलं की जेवढा दमतो तेवढा तासभर पळूनही दमत नाही, हे कोणी लिहिलं नव्हतं म्हणून सांगतेय. पाऊस लागून तीन दिवस बाहेर पडता आलं नाही तेव्हा माझी एक चप्पल आणि विठ्ठलाच्या फोटोची चौकट गेली. ऑगस्टमध्ये कान सडले, डॉक्टरकाका, तुम्ही म्हणालात तसेच. आता समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याने आंघोळ आणि कान कोरडे करणं हे दात घासण्यासारखं झालंय.

आणि ते थिजून उभं राहणं! जुलैमध्ये विहिरीजवळ अचानक पुतळा झाला, एक पाय वर, शेपूट ताठ, नाक अळवाकडे. मुलगी ओरडत आली, आई रघूला काहीतरी झालं. मला वाटलं फुरसं. बघते तर अळवात पाणकोंबडी. पाचेक मिनिटं तो हलला नाही आणि ती पण हलली नाही. जर्मनीत दीडशे वर्षं घोटलेलं काम आमच्या विहिरीवर आपोआप बाहेर पडलं, त्याला कोणी शिकवलं नव्हतं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी. मी अळू काढायला गेले होते, ते राहिलंच.

माझी भीती गेली असं नाही. पण तो माझ्या पायावर डोकं ठेवतो तेव्हा मी पाय काढून घेत नाही.

अलिबागचा_बावा

वाचून बरं वाटलं. खूपच.

हर्णै_बंदर

रात्री आत असतो ना?

कातळावरची

माजघरात. सासऱ्यांच्या खाटेखाली.

सुकट_बोंबील

ते सगळं ठीक. कोंबड्या किती राहिल्या?

कातळावरची

पंधरा.

सुकट_बोंबील

आं? चौदा होत्या.

कातळावरची

पहिल्या आठवड्यात एक गेली, खुराड्याचं दार मुलाने उघडं टाकलं होतं. तेरा राहिल्या. मग डॉक्टरकाकांच्या पद्धतीने दोन महिने रोज बसलो, आता आमच्या कोंबड्यांना तो हात लावत नाही. पण गडग्यापलीकडच्या काकूंच्या कोंबड्यांबद्दल त्याला कोणी काही सांगितलेलं नाही. गडगा उडी मारून जातो, अलगद तोंडात धरून आणतो आणि सासऱ्यांच्या पायाशी ठेवतो, एक पीस मोडलेलं नसतं. आज दोन आणल्या. परत द्यायला जायचंय, पण काकू मुंबईला गेल्यात आणि त्यातली एक आमच्याकडे अंडं घालून बसलीय.

चाकरमानी_८२

बरं, लॅबचं मी मागे घेतो. ह्याची पिल्लं मिळतील का?

डॉक्टर_गुरांचा

नसबंदी झालीय त्याची. धागा नीट वाचा.